थोरलीने न विचारलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या आईने मला ओळखले असते, कारण नऊ वर्षे मी रोज संध्याकाळी साडेसात वाजता टीव्हीवर दिसत होतो. आता मी एका छोट्याशा घरात आतल्या खोलीला बसवलेला आहे. माझ्या अंगावर चार रंगांचे थर आहेत आणि वरची बिजागरी थोडी कुरकुरते.

माझे लाकूड सागवानी. आधी ते एका छापखान्याच्या छताची तुळई होते. छापखाना पाडला, तुळई वखारीत येऊन पडली, आणि तिथे मला एका सुताराने हेरले. सेटवर सगळे त्याला मिस्त्री म्हणत. खरे तर मालिकेसाठी दरवाजे प्लायवूडचे करतात. काम संपले की मोडून टाकायला सोपे. पण त्या मालिकेची दिग्दर्शक बाई हट्टी होती. ती मिस्त्रीला म्हणाली होती, "दार ठोठावल्यावर खोका वाजल्यासारखा आवाज आला, तर माझी मालिका पहिल्याच दिवशी बसली म्हणून समजा." म्हणून मी खऱ्या लाकडाचा झालो. बारा दिवस मिस्त्री माझ्यावर रंधा मारत होता. माझ्या पोटात छापखान्याच्या काळातले दोन खिळे आहेत. ते उपटले असते तर फळी फाटली असती, म्हणून त्याने ते तसेच राहू दिले.

मालिकेचे खरे नाव लांबलचक होते. लोक मात्र तिला 'थोरली' एवढेच म्हणत. गोष्ट साधी होती. आईबाप नसलेल्या घरात थोरली बहीण धाकट्या भावाला वाढवते. काका त्याच्यावर चोरीचा आळ घेतो आणि धाकटा रागाने घर सोडतो. पहिल्या भागात तो माझ्यातूनच बाहेर पडला. त्या दिवसापासून थोरली रोज संध्याकाळी मला उघडायची, उंबऱ्यावर उभी राहायची आणि रस्त्याकडे बघायची. मधूनमधून त्याची पत्रे यायची. पत्रे यायची, तो येत नव्हता.

गंमत सांगू? रस्ता नव्हताच. माझ्यापलीकडे तीन हातांचे अंगण होते. चौथ्या हाताला प्लायवूडची भिंत, आणि तिच्यामागे मोठा पंखा, वायरींची भेंडोळी आणि आपली वेळ येईपर्यंत स्टुलावर पेंगणारे नट. थोरली ज्या नजरेने बघायची ती नजर मात्र खरी वाटायची. सेट पाहायला आलेली माणसे नटनट्यांना सोडून माझ्याजवळ उभी राहून फोटो काढत. एका आजीने तर माझ्या कडीला हात लावून विचारले होते, "बाबा, आणतोस ना रे त्याला?" मला काय ठाऊक! मी आपला उभा होतो.

मिस्त्री महिन्यातून दोनदा माझी देखभाल करायचा. जेवणाच्या सुट्टीत तो आणि सेटवरचा रंगारी माझ्याजवळ येत. एक बिजागरीत तेल घाली, दुसरा रंगाचे टवके बुजवी. हात चालू असले की माणसे मनातले बोलतात. तिथेच मला कळले की मिस्त्रीच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला जावे लागते. मालिकेचे तेव्हा सातवे वर्ष चालू होते.

"किडनी बदलता येते म्हणतात," रंगारी म्हणाला.

"तिचं हृदय कमजोर आहे. ऑपरेशन झेपणारच नाही म्हणाले. यादीत नावसुद्धा घेत नाहीत."

"मग वहिनींना काय सांगितलंस?"

मिस्त्री बराच वेळ पॉलिश पेपर घासत राहिला. "सांगितलं, नाव घातलंय. तिनं विचारलं, कितवा नंबर? माझ्या तोंडातून निघून गेलं, एकवीस."

मित्रांनो, एकदा तोंडातून निघालेला आकडा परत आत जात नाही. दोन-तीन महिन्यांनी तिने पुन्हा विचारले, तेव्हा मिस्त्रीने सतरा सांगितले. मग चौदा. मग अकरा. रंगारी एकदा चिडून म्हणाला, "अरे, एकावर आलास की काय करणार आहेस?" मिस्त्रीने माझ्या कडीवर उगाच फडके मारले. कडी आधीच चकचकीत होती.

तिकडे त्याची बायको सकाळ-संध्याकाळ फोनकडे कान लावून असे. यादीतला नंबर लागला की दवाखान्यातून फोन येणार आणि दोन तासांत हजर व्हावे लागणार, असे तिने कुठेतरी ऐकले होते. म्हणून तिने एक पिशवी कायमची भरून ठेवली होती. गावाबाहेर पाऊल टाकणे तिने बंद केले होते. तिचा विरंगुळा एकच, थोरली. संध्याकाळी घरी बघायची, आणि डायलिसिसच्या वॉर्डात दुपारी पुन्हा तोच भाग लागायचा तोही बघायची. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षिका असत. दोघींचे रक्त यंत्रातून फिरत असे आणि वर थोरली उंबऱ्यावर उभी असे.

नवव्या वर्षी मालिकेला उतरती कळा लागली. ती हट्टी दिग्दर्शक बाई केव्हाच सोडून गेली होती. तिच्यानंतर दोघे आले, दोघे गेले. एके दिवशी वरून हुकूम आला की, पंधरा दिवसांत गुंडाळा. धाकट्याचे काम करणारा नट दुसऱ्या मालिकेत पोलीस झाला होता, तो यायला तयार नव्हता. मग लेखकांनी घाईघाईत शेवट लिहिला.

शेवटचे चित्रीकरण होते तेव्हा मिस्त्री माझ्यामागेच उभा होता. वाऱ्याने दार हलल्यासारखे दिसावे म्हणून मला मागून हळूच ढकलायचे काम त्याच्याकडे होते. पुढे काका थोरलीला सांगत होता, "धाकटा पहिल्याच वर्षी तापानं गेला. पत्रं मी लिहीत होतो. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तुला धक्का बसू नये म्हणून लपवलं." कागदावर असे लिहिले होते की, थोरलीने क्षणभर खाली बघायचे, मग हसून म्हणायचे, "तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलंत," आणि सगळ्यांना मिठी मारायची. मग सर्वांनी माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचा. समाप्त.

थोरलीचे काम करणारी नटी अडून बसली. "नऊ वर्षं ही बाई दारात उभी आहे. एवढं ऐकून ती हसेल कशी? काहीतरी विचारेल की नाही?"

"ताई, बावीस मिनिटांत सगळं बसवायचंय," नवा दिग्दर्शक घड्याळ बघत म्हणाला. "विचारायला वेळ नाहीये."

ती हसली. नोकरीच होती तिचीही. पण माझ्यामागे मिस्त्रीचा हात माझ्या फळीवर टेकलेला होता, आणि तो हात थरथरत होता. त्या दिवशी वाऱ्याने दार हलल्यासारखे अगदी खरे दिसले, असे सगळे म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी सेट मोडला. भिंती एका दुपारीत जमीनदोस्त झाल्या. खिडक्या, देवळ्या, जिना, सगळ्यांच्या फळ्या ढिगात गेल्या. मीही जायचो, पण मिस्त्रीने मला मागून घेतले आणि टेम्पोत उभा करून घरी आणले. त्याच्या घराच्या आतल्या खोलीला दार नव्हते, नुसता पडदा होता. मी चौकटीपेक्षा उंच निघालो. त्याने मला खालून चार बोटे कापले. दुखले, पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला दोन्ही बाजूंनी खरी खोली मिळाली.

मिस्त्रीची बायको मला बघून लहान मुलीसारखी हसली. हाताला डायलिसिसची पट्टी होती, त्याच हाताने तिने मला वरपासून खालपर्यंत चाचपले. कडी वाजवून पाहिली.

"अहो, हाच तो! आवाजसुद्धा तोच!" मग ती हळूच म्हणाली, "शूटिंग संपलं ना? मग सांगा की. येतो का हो धाकटा?"

मिस्त्री खाली बसून लाकडाचा भुसा गोळा करत होता. त्याने मान वर केली नाही.

"येतो."

"याच दारातून?"

"हो गं. याच दारातून."

मला वाटले, आपण दरवाजा आहोत तेच बरे. तोंड असते तर काय केले असते?

त्यानंतरचे चार दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. वॉर्डात तिने सगळ्यांना सांगून टाकले, "आमच्या ह्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. येतो धाकटा. तुम्ही फक्त बघा." शेवटच्या भागाच्या संध्याकाळी तिने त्या शिक्षिकाबाईंना घरी बोलावले. शेजारची शिवणवाली मशीन बंद करून आली. तिच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. बाहेरच्या खोलीत टीव्ही होता, आत खाटेवर ती उशीला टेकून बसली होती, आणि तिला नीट दिसावे म्हणून मला सताड उघडा ठेवला होता. मिस्त्री मात्र काहीतरी आणायचे निमित्त करून दोनदा बाहेर जाऊन आला.

मग काकाची चार वाक्ये झाली. थोरली हसली. मिठ्या झाल्या. पडद्यावर माझ्यासमोर सगळ्यांचा फोटो निघाला.

"संपलं?" शिवणवाली ओरडली. "एवढंच? या बयेपायी माझं दूध किती वेळा उतू गेलं असेल! नऊ वर्षं आमचं डोकं खाल्लं आणि शेवटी हात झटकून मोकळे! आणि वहिनी, भाऊ तर म्हणाले होते की तो येतो?"

शिक्षिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. "शेवट दुःखाचा असला तरी माणूस सोसतो," त्या म्हणाल्या. "लबाड असला की राग येतो. अहो, हिनं साधं विचारलंसुद्धा नाही, का लपवलंत म्हणून."

मिस्त्रीची बायको टीव्हीकडे बघत नव्हती. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डायलिसिसहून परत आली. डायलिसिसच्या दिवशी ती नेहमी गळून झोपे. पण ती उठून बसली आणि तिने हाक मारली, "अहो, इकडे या. बसा."

मिस्त्री आला. स्टूल ओढून माझ्याजवळच बसला.

"ते शूटिंग झालं तेव्हा तुम्ही तिथं होतात?"

"होतो."

"मग मला येतो म्हणून का सांगितलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"ते चार दिवसांनी वाटायचंच होतं. मालिका गेली खड्ड्यात. मला एवढंच सांगा. मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही आणखी काय काय सांगितलं नाहीत?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. निघून जायला मी उघडाच होतो. तो उठला नाही.

"कितवा नंबर आहे माझा?"

मिस्त्री स्टुलाची कड नखाने खरवडू लागला.

"अकरा होता. आठ महिने झाले, अकराच आहे. मी वॉर्डात बाईंना म्हणत होते, यादी हलत कशी नाही. त्यांनी नुसता माझा हात धरला. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"यादी नाही," मिस्त्री म्हणाला. "तुझं नाव कधी घातलंच नव्हतं. तुझ्या हृदयाला ते झेपणार नाही म्हणाले. दोन वर्षांपूर्वीच म्हणाले."

बाहेर शिवणवालीचे मशीन चालू होते. ते थांबले, पुन्हा चालू झाले.

"आई आजारी होती," ती म्हणाली. "ताई फोनवर रडत होती. ये गं, एकदा डोळ्यांनी बघून जा. मी तिला म्हटलं, नंबर चौदावर आलाय, कधीही फोन येईल, मला हलता येत नाही. तुम्ही तेव्हा इथंच बसला होतात. पायावर पाय टाकून."

"हो."

"ऐकत होतात."

"हो."

"आई गेली. मी गेले नाही. यादीसाठी गेले नाही मी." ती रडत नव्हती. रडली असती तर त्याला बरे वाटले असते. "एका शब्दानं सांगितलं असतंत, तर मी आईचं तोंड बघितलं असतं."

मिस्त्रीने क्षमा मागितली नाही. मागायला त्याला तोंडच उरले नव्हते. तो जागचा हलत नाही असे पाहून ती म्हणाली, "उठा तुम्ही. बाहेर जा." आणि तो बाहेर गेल्यावर तिने मला लावून घेतले. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच बंद झालो.

मित्रांनो, बंद होणे हे माझे कामच आहे. पण ते आठ दिवस मला फार जड गेले. दवाखान्यात जायची वेळ झाली की ती मला उघडी, मिस्त्रीच्या हाताला न धरता शिवणवालीच्या खांद्याचा आधार घेऊन रिक्षात बसे आणि परत आली की मला लावून घेई. मिस्त्री ताट आणून उंबऱ्याशी ठेवी आणि दोन वेळा नुसती कडी वाजवी. कधी ताट आत जाई, कधी गार होऊन तसेच राही.

नवव्या दिवशी तिने मला उघडले आणि सगळे कागद मागितले. डॉक्टरांचे, तपासण्यांचे, एकूण एक. मिस्त्रीने ते हत्यारांच्या पेटीत पटाशांच्या खाली लपवले होते. तिने ते वाचले. कळले नाही तिथे शिक्षिकाबाईंना घेऊन ती स्वतः डॉक्टरांपुढे जाऊन बसली. परत येऊन तिने उभ्या उभ्या सांगितले, "वर्ष म्हणालेत. दीडही निघेल कदाचित." मग तिने ती भरलेली पिशवी खाटेवर उपडी केली, एकेक कपडा झाडून कपाटात ठेवला, आणि बहिणीला फोन लावला.

बहीण येऊन तिला घेऊन गेली. बहिणीच्या गावात डायलिसिसची सोय आहे हे शिक्षिकाबाईंनी फोन करकरून शोधून काढले होते. मिस्त्रीही निघाला होता, पण ती म्हणाली, "तुम्ही इथंच थांबा." पंधरा दिवस तो थांबला. त्या पंधरा दिवसांत त्याने माझा वरचा रंग खरवडून काढला आणि पुन्हा दिला. एकदा दिला, तो बरा वाटला नाही म्हणून त्यावर पुन्हा. माझ्या अंगावरचे शेवटचे दोन थर तेव्हाचे.

ती परत आली तेव्हा थकलेली होती, पण चेहरा मोकळा होता. "आईची खाट कुणाला तरी देऊन टाकलीय," एवढेच तिने सांगितले. "मी तिथं जमिनीवरच बसले होते."

तिने त्याला माफ केले का? मला आजही सांगता येत नाही. थोरलीसारखी ती हसून मिठीत तर नक्कीच शिरली नाही. ती त्याच्याशी बोलू लागली, त्याच्या कपड्यांना भुसा लागला की ओरडू लागली, एक-दोनदा दोघे कशावरून तरी खूप हसले. पण तो दवाखान्यातून येऊन "सगळं ठीक आहे" म्हणाला, की ती हातातले काम बाजूला ठेवी आणि त्याच्याकडे बघत राही. नुसती बघे. मग तो खरे सांगे. पोटॅशियम वाढलंय. सूज उतरत नाही. पुढच्या वेळी मानेतून नळी घालावी लागेल. सुरुवातीला एकेक शब्द सांगताना त्याला घाम फुटे. पुढे जमू लागले.

त्यानंतर ती तेरा महिने जगली. त्या काळात ती आणखी दोनदा बहिणीकडे जाऊन आली. शिवणवालीकडून शिवण शिकून तिने आपल्या हाताने एक झबले शिवले आणि ते वॉर्डातल्या नर्सच्या बाळाला दिले. शिक्षिकाबाई आधी गेल्या. ते तिला मिस्त्रीनेच सांगितले, त्याच सकाळी, तिच्याजवळ खाटेवर बसून.

एका दुपारी तो एकटाच डॉक्टरांना भेटून आला. पायांतल्या चपलाही न काढता माझ्या चौकटीत उभा राहिला आणि म्हणाला, "महिना म्हणाले. कदाचित तेवढाही नाही."

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. या वेळी तिला हातातले काम खाली ठेवावे लागले नव्हते.

"असं उभ्यानं सांगतात का?" ती म्हणाली. "आत या. बसा जवळ."

तो आत गेला, बसला. तिने त्याचा हात हातात घेतला आणि कोणाकोणाला बोलवायचे ते सांगू लागली. चोवीस दिवसांनी, सकाळी, ती गेली. बोलवायची सगळी माणसे येऊन गेली होती.

आता मिस्त्री म्हातारा झाला आहे. पावसाळ्यात मी फुगतो, तेव्हा तो माझी कड घासतो आणि बिजागरीत तेल घालतो. तुमच्या घरातल्या दारांचीही अशी काळजी घ्या. आम्हाला आपटू नका, आमच्यावर लोंबकळू नका. पण मित्रांनो, माझे खरे मागणे वेगळे आहे. घरात कोणी आजारी पडले की मोठी माणसे दाराआड उभी राहून कुजबुजतात. आम्ही ते सगळे ऐकतो, आणि आतल्या खाटेवरचे माणूसही कान देऊन असते. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यावरही अशी वेळ येईल. तेव्हा आमच्या आड उभे राहू नका. आत जा, त्या माणसाजवळ बसा, आणि सांगा.